जनुकसंपादनातून औषध घडवायचे असेल तर आधी पेशी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एखादा आजार जनुकातील एकाच अक्षराच्या चुकीमुळे होतो, ती चूक कुठे आहे हेही ठाऊक आहे आणि त्या जागी डीएनए कापणाऱ्या कॅस-९ या प्रथिनाला नेणारा गाईड आरएनए संगणकावर दहा मिनिटांत मिळतो, मग त्यातून रुग्णाला देता येईल असा उपचार तयार व्हायला दहा-बारा वर्षे का लागतात, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? प्रश्नकर्त्यांनी पुढे असेही लिहिले आहे की नेहमीचे क्रिस्पर (म्हणजे कॅस-९ आणि गाईड यांची जोडी), बेस एडिटर आणि प्राइम एडिटर यांपैकी सर्वांत अचूक साधन कोणते हे एकदा कळले की निम्मे काम होईल.

माझ्या अनुभवात तसे होत नाही. साधन कोणते, हा प्रश्न बऱ्याच उशिरा यायला हवा. कोणतीही योजना समोर आली की मी आधी विचारतो की आजार नेमका कोणत्या पेशीत घडतो आणि त्या पेशीपर्यंत आपला संपादक, म्हणजे जनुकात बदल करणारे साधन, पोहोचवण्याचा माणसांत सिद्ध झालेला मार्ग आहे का. त्यानंतरचा प्रश्न असतो तो प्रमाणाचा, म्हणजे अशा किती टक्के पेशी सुधारल्या तर रुग्णाला खरोखर फरक पडेल. या प्रश्नांची उत्तरे मिळाली की साधनांच्या यादीतली बहुतेक नावे आपोआप गळतात. ती मिळाली नाहीत, तर जगातले सर्वांत अचूक साधनही काचेच्या बशीतच राहते.

गाईड दहा मिनिटांत मिळतो हे खरे आहे, आणि हे सुख तसे नवे आहे. १९९६ मध्ये झिंक फिंगर न्यूक्लिएज या डीएनए कापणाऱ्या आधीच्या साधनाची कल्पना प्रत्यक्षात आली तेव्हा प्रत्येक नव्या जागेसाठी नवे प्रथिन घडवावे लागे आणि एकेका प्रथिनावर महिने जात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांच्या गटांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की कॅस-९ हे प्रथिन तेच ठेवून केवळ आरएनए बदलला तरी हव्या त्या जागी डीएनए कापता येतो. २०१३ च्या सुरुवातीला ते मानवी पेशींतही जमले, आणि २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघींना मिळाले. तेव्हापासून ‘जनुकीय कात्री’ हा शब्द रूढ झाला. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कापतो आपण; शिवते पेशी, आणि ती आपल्याला विचारून शिवत नाही.

मुख्य अडचण या शिवणात आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी बहुतेक वेळा दोन टोके घाईघाईने जोडते आणि त्या गडबडीत काही अक्षरे गळतात किंवा शिरतात. सोबत दिलेल्या नमुन्यावरून अचूक नक्कल करून दुरुस्ती करण्याची दुसरी यंत्रणा पेशीकडे आहे, परंतु ती मुख्यतः विभाजनाच्या वाटेवर असलेल्या पेशींत चालते. रक्ताच्या खऱ्या मूलपेशी बहुतांश काळ निद्रिस्त असतात, तर चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायुपेशी जवळजवळ विभाजितच होत नाहीत. त्यामुळे ‘चुकीचे अक्षर कापून काढू आणि बरोबर अक्षर बसवू’ हे वाक्य फळ्यावर सरळ दिसते आणि ज्या पेशींत ते घडायला हवे तिथेच अडते.

सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांवरील पहिल्या मान्यताप्राप्त क्रिस्पर उपचारात ही अडचण सोडवली गेली नाही, तिला वळसा घालण्यात आला, आणि तो वळसा समजून घेण्यासारखा आहे. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होऊन प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होते. सिकलसेलचा दोष या प्रौढ प्रकारात असतो. काही कुटुंबांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन आयुष्यभर चालू राहते आणि अशा व्यक्तीला सिकलसेलचे जनुक मिळाले तरी आजार सौम्य राहतो, हे डॉक्टरांना अनेक दशकांपासून माहीत होते. २००७-०८ च्या सुमारास मोठ्या लोकसमूहांच्या जनुकीय अभ्यासातून बीसीएल११ए हे जनुक पुढे आले आणि त्यापासून बनणारे प्रथिन गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनला दाबून ठेवते हे सिद्ध झाले. आता मोह असा होतो की ते जनुकच मोडून टाकावे. पण तेच प्रथिन बी-लसिकापेशींना, मेंदूच्या विकासाला आणि खुद्द रक्तमूलपेशींनाही लागते. ते सरसकट मोडले तर एक आजार घालवून दुसरे ओढवून घेण्यासारखे झाले असते.

मार्ग निघाला तो जनुकाच्या आत दडलेल्या एका नियंत्रक पट्ट्यातून. हा पट्टा फक्त तांबड्या पेशी तयार होत असताना कामाला येतो आणि त्यात गाटा-१ या प्रथिनाला बसण्यासाठी काही अक्षरांची एक छोटी जागा आहे. गाईड नेमका त्या जागेवर नेला जातो. कॅस-९ तिथे कापते, पेशी नेहमीप्रमाणे ओबडधोबड शिवते, दोन-चार अक्षरे इकडची तिकडे होतात आणि गाटा-१ ला तिथे बसता येत नाही. तांबड्या पेशीत बीसीएल११ए घटते आणि इतर पेशींत ते जवळपास जसेच्या तसे राहते. पेशीचा निष्काळजीपणा हाच इथे औषधाचा आधार झाला, कारण शिवण कशीही पडली तरी ती जागा मोडतेच. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये या उपचाराला मान्यता दिली. प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेसा काळ पाहणीखाली असलेल्या ३० सिकलसेल रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. लक्षात घ्यावे की या रुग्णांच्या शरीरातले सिकलसेलचे चुकीचे अक्षर आजही तसेच आहे.

याच आजारात ते अक्षर थेट बदलता येईल का, हे पाहिले की बेस एडिटरची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी दिसतात. बेस एडिटर दोन्ही धागे तोडत नाही; तो डीएनए किंचित उघडतो आणि ‘ए’, ‘टी’, ‘सी’, ‘जी’ या अक्षरांपैकी एका अक्षराचे रासायनिक रूपांतर करतो. डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेत २०१६ मध्ये ‘सी’चा ‘टी’ करणारा आणि २०१७ मध्ये ‘ए’चा ‘जी’ करणारा संपादक तयार झाला. दुसऱ्याची कहाणी मला विशेष आवडते. डीएनएमधल्या ‘ए’वर असे काम करणारे विकर निसर्गात माहीतच नव्हते, म्हणून आरएनएवर काम करणारे जिवाणूचे एक विकर घेतले, प्रतिजैविकाला तोंड देणारे जनुक मुद्दाम एका अक्षराने बिघडवले आणि जो जिवाणू ते अक्षर दुरुस्त करील तोच जगेल अशी व्यवस्था केली. पिढ्यामागून पिढ्या निवड करत गेल्यावर हवे ते विकर हाती आले.

सिकलसेलमध्ये मात्र ‘ए’च्या जागी ‘टी’ आलेला असतो आणि या दोन्ही संपादकांपैकी एकालाही ‘टी’चा पुन्हा ‘ए’ करता येत नाही. तरीही समोरच्या धाग्यावर या ‘टी’चा जोडीदार असलेल्या ‘ए’चा ‘जी’ केला, तर जीटीजी या त्रिकाचे जीसीजी होते आणि प्रथिनात व्हॅलिन या अमिनो आम्लाच्या जागी ॲलानिन येते. मूळ ग्लुटामिक आम्ल परत येत नाही, परंतु असे हिमोग्लोबिन माणसांत नैसर्गिकरीत्या आढळते, त्याला मकासार प्रकार म्हणतात आणि त्याने पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. उंदरांवरील प्रयोगात ही कल्पना २०२१ मध्ये यशस्वी झाली. म्हणजे साधनाला जे जमते आणि शरीराला जे चालते, यांचा मेळ घालावा लागतो. ‘दुरुस्ती’ या शब्दाचा शब्दशः आग्रह धरला तर ही वाट सुचतच नाही. बेस एडिटरची आणखी एक अडचण अशी की गाईडच्या २० अक्षरांपैकी साधारण चौथ्या ते आठव्या अक्षरापर्यंत त्याचा हात पोहोचतो. त्या टप्प्यात दुसरा ‘ए’ असेल तर तोही बदलला जाण्याची शक्यता असते. २०१९ मध्ये आलेला प्राइम एडिटर कोणतेही अक्षर कोणत्याही अक्षरात बदलू शकतो आणि छोटे तुकडे घालू-काढूही शकतो, पण तो आकाराने मोठा आहे, त्याचा गाईड लांब आणि नाजूक आहे आणि प्रत्येक जागेसाठी त्याची जुळवणी करण्यात बराच वेळ जातो. ज्या कामाला साधी कात्री पुरते तिथे केवळ नवे म्हणून ते वापरण्याचे कारण मला दिसत नाही.

आता पोहोचवण्याकडे येतो, कारण बहुतेक योजना इथेच थांबतात. रक्ताच्या आजारांत आपल्याला एक मोठी सवलत आहे: पेशी शरीराबाहेर काढता येतात. मूलपेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरवण्यासाठी एरवी जे औषध सर्रास दिले जाते, ते सिकलसेलच्या रुग्णात तीव्र झटका आणू शकते, म्हणून तिथे केवळ प्लेरिक्साफोर या दुसऱ्या औषधावर भागवावे लागते आणि पुरेशा पेशी जमवण्यासाठी काही रुग्णांना पुन्हा पुन्हा यावे लागते. गोळा केलेल्या पेशींना विजेचा सूक्ष्म धक्का देऊन त्यांत कॅस-९ आणि गाईड सोडतात, मग पेशी गोठवतात, तपासतात आणि दरम्यान रुग्णाला बुसल्फान हे केमोथेरपीचे औषध देऊन जुनी मज्जा रिकामी करतात. त्या बुसल्फानचा संपादनाशी काही संबंध नाही, पण वंध्यत्वाचा धोका, तोंडातले व्रण आणि रुग्णालयातले आठवडे हे सगळे त्याच्यामुळे येते. रुग्णांशी बोलताना मला जाणवले आहे की त्यांना भीती या टप्प्याची असते आणि आम्ही शास्त्रज्ञ मात्र त्यांना गाईडबद्दल सांगत बसतो.

शरीराच्या आत संपादन करायचे तर आज यकृत हा सर्वांत सोपा अवयव आहे, आणि त्यामागे आपली हुशारी कमी, शरीराची सवय जास्त आहे. शिरेतून दिलेल्या लिपिड नॅनोकणांवर, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म कणांवर, रक्तातले एपीओ-ई हे प्रथिन चिकटते आणि यकृताच्या पेशी कोलेस्टेरॉलचे कण समजून त्यांना आत ओढून घेतात. कणात कॅस-९ चा संदेशवाहक आरएनए आणि गाईड असतो. काही दिवसांत दोन्ही नष्ट होतात, बदल तेवढा मागे राहतो. ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन शरीरात साचत जाणाऱ्या ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस या आजारात हाच मार्ग वापरला गेला. २०२१ मध्ये सहा रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जास्त मात्रा मिळालेल्या गटात, म्हणजे प्रतिकिलो ०.३ मिलिग्रॅम घेतलेल्यांत, २८ व्या दिवशी ते प्रथिन सरासरी ८७ टक्क्यांनी घटलेले होते. एकाच मात्रेत एवढा परिणाम पाहून आम्ही सगळेच चकित झालो होतो. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये याच औषधाच्या मोठ्या चाचण्या एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्यामुळे थांबवण्यात आल्या. सहा रुग्णांत जे दिसत नाही ते शेकडो रुग्णांत दिसू शकते, आणि संपादनाचा परिणाम मागे घेता येत नाही.

वाहकाला, म्हणजे संपादक पेशीपर्यंत नेणाऱ्या वेष्टनाला, दुय्यम समजणाऱ्यांनी आणखी एक उदाहरण पाहावे. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी यकृतातले पीसीएसके९ जनुक बेस एडिटरने बंद करण्याची एक चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. संपादन अपेक्षेप्रमाणे झाले, कोलेस्टेरॉल उतरले. परंतु २०२४ मध्ये एका रुग्णाच्या यकृताच्या विकरांत आणि प्लेटलेटच्या संख्येत बिघाड दिसल्यावर नव्या रुग्णांची भरती थांबवावी लागली, आणि संशयाची सुई लिपिड कणाकडे वळली. पुढच्या औषधात संपादक आणि गाईड तेच ठेवून लिपिड बदलले गेले. संपादक तोच राहून केवळ वेष्टन बदलल्याने औषधाचे भवितव्य बदलते, हे विद्यार्थ्यांना पटवून द्यायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

यकृताबाहेर बहुधा एएव्ही या निरुपद्रवी विषाणूचा आधार घ्यावा लागतो. त्यात सुमारे ४७०० अक्षरे मावतात. नेहमीच्या कॅस-९ चे जनुक एकटेच ४१०० अक्षरांचे आहे आणि बेस एडिटर तर एका विषाणूत मावतच नाही, तो दोन तुकड्यांत पाठवून पेशीत जोडावा लागतो. शिवाय एएव्हीने नेलेला संपादक काही दिवसांत नाहीसा होत नाही. तो महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षे तयार होत राहतो. काम एका आठवड्याचे आणि कामगार कायमचा घरात, अशी ती स्थिती असते. ज्या जिवाणूंतून कॅस-९ घेतले आहे ते आपल्या घशात आणि त्वचेवर राहतात, त्यामुळे अनेकांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासूनच असतात, हीही एक चिंता त्यात मिसळते. डोळ्याच्या पडद्यामागे अत्यल्प मात्रा देता येते म्हणून तिथे हा मार्ग त्यातल्या त्यात सुसह्य ठरला आहे.

मोजमापाबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका उत्परिवर्तनाची नमुन्यावरून दुरुस्ती करत होतो. एकेका पेशीपासून वाढवलेल्या वसाहती तपासल्या तेव्हा काही वसाहतींत दोन्ही प्रतींवर अगदी निर्दोष दुरुस्ती झाल्याचे दिसले. डीएनएची अक्षरे वाचणाऱ्या क्रमवाचनाचा आलेख इतका स्वच्छ की एकाही जागी दुहेरी शिखर नव्हते. आम्ही त्या वसाहती वाढवल्या, पुढच्या प्रयोगांत वापरल्या आणि अहवालही लिहायला घेतला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आलेख पाहून एवढेच विचारले, की या दात्याच्या पेशींत थोड्या अंतरावर एक नैसर्गिक भेद आहे, दोन प्रतींवर दोन वेगळी अक्षरे आहेत. ती दोन्ही अक्षरे इथे दिसतात का? दिसत नव्हती, एकच दिसत होते. म्हणजे एक प्रत दुरुस्त झाली होती आणि दुसऱ्या प्रतीतून कापलेल्या जागेभोवतीचा हजारो अक्षरांचा तुकडाच गळून पडला होता. आमच्या पीसीआरच्या (डीएनएच्या निवडक तुकड्याच्या प्रती काढण्याच्या पद्धतीच्या) प्रायमरला, म्हणजे त्या तुकड्याची टोके ठरवणाऱ्या छोट्या धाग्यांना, बसायची जागाच त्या प्रतीवर उरली नव्हती, म्हणून ती प्रत आम्हाला दिसली नाही आणि जी दिसली ती शंभर टक्के शुद्ध वाटली. त्यात आमचे कित्येक महिने गेले.

असे मोठे लोप होतात हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सर्वांसमोर आले; २०२१ मध्ये तर कापलेल्या जागेपासून गुणसूत्राचा पुढचा भाग चुरडला जाऊन वेडावाकडा जोडला जाऊ शकतो हेही दाखवले गेले. नमुन्यावरून होणारी दुरुस्ती वाढावी म्हणून पेशीच्या घाईच्या शिवणीला रोखणारी जी रसायने वापरली जातात, त्यांपैकी एकाने हे मोठे बिघाड उलट वाढतात आणि नेहमीच्या छोट्या पीसीआरमध्ये ते दुरुस्तीच्या वाढलेल्या टक्केवारीच्या रूपात झाकले जातात, असेही २०२४ मध्ये दिसून आले. त्यामुळे कुणी ९० टक्के दुरुस्तीचा आकडा दाखवला की माझा पहिला प्रश्न असतो: प्रायमर किती अंतरावर होते आणि लांब पल्ल्याचे क्रमवाचन केले का?

दुसऱ्याच जागी चुकून झालेला बदल, म्हणजे ऑफ-टार्गेट, हा याच्या शेजारचा प्रश्न आहे. संगणक संशयित जागांची यादी देतो, गाईड-सीक आणि सर्कल-सीक यांसारख्या पद्धती प्रयोगातून यादी देतात आणि मग त्या प्रत्येक जागेचे संपादित पेशींत खोल क्रमवाचन करायचे असते. या वाचनाची नेहमीची विश्वासार्ह मर्यादा साधारण ०.१ टक्का असते. ती ऐकायला फार बारीक वाटते. पण मान्यता मिळालेल्या सिकलसेल उपचारात प्रतिकिलो किमान ३० लाख पेशी द्याव्या लागतात; ६० किलो वजनाच्या माणसाला १८ कोटी. त्यांतल्या ०.१ टक्का पेशींत एखादा बदल झाला असला तरी त्या १ लाख ८० हजार पेशी होतात आणि आमचे यंत्र मात्र ‘काही आढळले नाही’ असे सांगते. यांतल्या बहुसंख्य पेशी फार काळ टिकत नाहीत आणि बहुसंख्य बदल निरुपद्रवी जागी असतात, हे खरे. म्हणूनच उपचार पुढे जातात. पण ‘शून्य’ हा शब्द आमच्या अहवालात कधीही लिहू नये, अशी माझी सूचना असते.

शिवाय यादी कुणाच्या जनुकसंचावरून केली हाही प्रश्न उरतो. बीसीएल११ए वर जाणाऱ्या याच गाईडसाठी २०२३ मध्ये एक गोष्ट दाखवली गेली: आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत आढळणाऱ्या एका अक्षराच्या भेदामुळे सीपीएस१ या जनुकाच्या एका बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या भागात कॅस-९ ला बसायला नवी जागा तयार होते. प्रमाण मानल्या गेलेल्या जनुकसंचात तो भेद नाही, त्यामुळे त्यावर आधारलेल्या यादीत ही जागा येणारच नाही. आणि सिकलसेल हा आजार सर्वाधिक प्रमाणात आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. तिथे कापले गेल्याने रुग्णाला अपाय झाल्याचा पुरावा नाही. पण शोध चुकीच्या नकाशावर घेतला जात होता, एवढे मात्र सिद्ध झाले. आता भिन्न वंशांच्या अनेक दात्यांच्या पेशींत तपासणी करण्याचा आग्रह धरला जातो तो यामुळे.

उंदरांवर प्रयोग करून हे प्रश्न सुटतील असे अनेकांना वाटते. उंदराचा जनुकसंच वेगळा असल्यामुळे माणसासाठी बनवलेला गाईड त्यात बहुधा बसतच नाही, आणि माणसातल्या ऑफ-टार्गेट जागा तर तिथे अस्तित्वातच नसतात. प्राण्यांतून वाहकाची विषाक्तता, मात्रा आणि औषध कोणत्या अवयवांत जाते ते कळते. बीजांड-शुक्रपेशींपर्यंत काही पोहोचले का तेही पाहता येते. अचूकतेचा पुरावा मात्र मानवी पेशींतूनच द्यावा लागतो.

निर्मितीबद्दल एकच हिशेब सांगतो. गाईड आरएनए सुमारे १०० अक्षरांचा असतो आणि तो रासायनिक पद्धतीने एकेक अक्षर जोडत तयार होतो. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी १०० जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचे रेणू सुमारे ३७ टक्केच उरतात, ९९.५ टक्के झाली तर सुमारे ६० टक्के. उरलेल्यांत एखादे अक्षर गळलेले गाईड असतात, आणि अक्षर गळण्याची जागा जर पत्ता ठरवणाऱ्या त्या २० अक्षरांत आली, तर तो अशुद्ध अंश राहत नाही, वेगळ्या पत्त्याचे पत्र होतो. संशोधनासाठी मागवलेला गाईड आणि रुग्णाला देण्याच्या दर्जाचा गाईड यांत जो काळाचा फरक पडतो, त्यातला बराचसा हे वेगळे करण्यात आणि वेगळे केल्याचे सिद्ध करण्यात जातो.

मग २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या बालरुग्णालयात एका अर्भकासाठी सहा महिन्यांत स्वतंत्र औषध तयार झाले ते कसे, असा प्रश्न कुणी विचारील. त्या बाळाला सीपीएस१ या विकराचा अभाव होता (वर ज्या जनुकाचा उल्लेख आला तेच हे जनुक, हा निव्वळ योगायोग). रक्तात अमोनिया साठत होता आणि थांबायला वेळ नव्हता. किरण मुसुनुरू आणि रिबेका आहरेन्स-निकलस यांच्या गटाने ‘ए’चा ‘जी’ करणारा बेस एडिटर निवडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिली मात्रा दिली. एकूण तीन मात्रा दिल्या गेल्या. मात्रा पुन्हा पुन्हा देता आली ती लिपिड कण वापरल्यामुळे. एएव्ही असता तर पहिल्या मात्रेनंतर तयार झालेल्या प्रतिपिंडांनी दुसरी अडवली असती. इतक्या लवकर हे जमले, कारण आजार यकृताचा होता, लिपिड कणाची वाट आधीच मळलेली होती, संपादकाचा अनुभव होता आणि बदलायचा होता तो मुख्यतः गाईड. पेशी आणि वाहक ठरलेले असले की गाईड खरोखरच लवकर मिळतो; प्रश्नातला तर्क एवढ्यापुरता बरोबर आहे.

‘किती पुरे’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मात्र प्रयोगशाळेत जाण्याआधी जुने रुग्णालयीन लिखाण वाचावे. सिकलसेलमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर ज्यांच्यात दात्याच्या आणि स्वतःच्या पेशी मिसळून राहिल्या, त्यांच्या पाहणीतून असे दिसले की दात्याच्या पेशी साधारण २० टक्के असल्या तरी आजार मागे हटतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसांत मरते, त्यामुळे थोड्या निरोगी मूलपेशीही रक्तात बहुमत मिळवतात. हिमोफिलियात गोठणघटक नेहमीच्या पाच टक्क्यांच्या वर गेला की तीव्र आजार सौम्य होतो. असा आकडा आपल्या आजारासाठी सापडला तर ९५ टक्के संपादनाच्या हव्यासापायी मात्रा वाढवून यकृत धोक्यात घालण्याची गरज राहत नाही. काही आजारांत जवळजवळ प्रत्येक पेशी सुधारावी लागते. ते आधीच कळलेले बरे.

प्रश्नात आजाराचे नाव दिलेले नाही, म्हणून शेवटचा सल्ला दोन शक्यता धरून देतो. आजार यकृताचा किंवा रक्ताचा असेल, तर रुग्णाच्या उत्परिवर्तनासह मानवी पेशी आधी मिळवाव्यात, वर सांगितलेला पुरेसा टक्का ठरवावा, मग उत्परिवर्तनाचा प्रकार पाहून साधी कात्री, बेस एडिटर आणि प्राइम एडिटर या क्रमाने, म्हणजे सर्वांत साध्या साधनापासून, तपासत जावे. लांब पल्ल्याचे क्रमवाचन पहिल्या महिन्यापासून करावे, शेवटी नव्हे. आजार मेंदूचा किंवा हृदयस्नायूचा असेल, तर पहिली दोन-तीन वर्षे वाहकावरच जातील असे धरून अनुदानाचा अर्ज लिहावा आणि त्या अर्जात गाईडच्या निवडीला अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा देऊ नये.